आमच्या रानातून गेलेलं पाणी

आश्विनातल्या पावसाला वास असतो. मिरगाच्या पावसाच्या वासाचं कौतुक सगळेच करतात, त्यावर मी काही बोलणार न्हाई. मी म्हणतो तो वास कपाशीवरच्या औषधाचा. सकाळी पोरगा फवारून येतो, दुपारी आभाळ भरतं, चारच्या सुमाराला पडून जातो, आन् मंग ओल्या पानांवरून तो वास उठतो. सडल्या कांद्यासारखा, वरून थोडा गोडसर. ज्याच्या नाकाला माहीत आहे त्याला सांगायला नको. ज्याला माहीत न्हाई त्यानं दिवाळीच्या आधी घनसावंगी तालुक्यात कुठंही यष्टीतून खाली उतरावं आन् श्वास घ्यावा.

काल तसा पडला. मी ओसरीवर बसलो होतो, सून दोरीवरचे कपडे काढत होती. तिला म्हणलं, "वास येतो का गं?"

"कशाचा, मामा? मला तर काही येत न्हाई."

बरोबर आहे. रोज त्यातच असल्यावर काय येणार. त्या साली मलाबी येत नव्हता.

ते साल नव्वदच्या मागंपुढचं असेल. भगवान, म्हणजे हाच पोरगा, पाटी घेऊन शाळेत जायला लागला होता. आन् कौतिकाला दुसऱ्या खेपेचे दिवस गेल्ते. कौतिका माझी बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली. लोक म्हणतात वय झाल्यावर जातंच माणूस, आबा, किती दिवस तोंड पाडून बसणार. मी तोंड पाडून बसतो ते ती गेली एवढ्यासाठीच न्हाई. तिला एक गोष्ट सांगायची होती. सांगितली न्हाई. आता कोणाला सांगू म्हणून हे लिहून राह्यलो.

आधी वढ्याचं सांगतो, न्हाईतर कोणाला कळायचं न्हाई.

आमचं रान उताराला, आन् खाली वढा. काठाला करंज, शिंदी, दोन जांभळी. पूर ओसरला की वढ्यात वाळू दिसायची. कणीदार, धुतलेल्या तांदळासारखी. पावसाळ्यात गावचा आड गढूळ व्हायचा, चहासारखं पाणी यायचं त्याला. मंग बाया वढ्यावर जायच्या आन् धारेपासून दोन हात सोडून वाळूत झिरा उकरायच्या. हातभर खड्डा, बस. पहिलं पाणी वाटीनं उपसून फेकायचं, दुसरं फेकायचं, तिसऱ्या वेळेला जे पाझरून वर येतं ते असं निर्मळ, की तळातला वाळूचा कण मोजून घ्यावा. वाटी वाटीनं घागर भरायची. एका घागरीला तंबाखू मळून खाऊन होईल एवढा वेळ लागतो. तेवढ्या वेळात बाया गावभराच्या सगळ्या बातम्या उरकून घ्यायच्या. वरून रानात मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. कोणती हसली ते ओळखायचो. कौतिका हसली की शेवटी खोकायची.

वाळू पाणी गाळते, ह्यावर आमच्या गावाचा फार भरोसा. गाळ गाळते, काडी गाळते. बाकी काय गाळते आन् काय न्हाई, हा सवाल कोणाला पडायचं कारणच नव्हतं.

कौतिकाचं माहेर मेंढरावाल्यांचं. तिचा बाप म्हातारपणी शेती करून राह्यला, पण तिचं बालपण वाड्यामागं गेलेलं, म्हणजे मेंढरांच्या कळपामागं. त्यांच्यात एक रीत होती. नव्या पाण्यावर आलं की पुढची शेळी आधी पाजायची, मंग माणसानं ओंजळ लावायची. कौतिकानं आमच्याकडं आल्यावरबी ती सोडली न्हाई. चार शेळ्या होत्या तिच्या. पुरानंतर पहिल्यांदा झिरा उकरला की ती एक वाटी शेळीपुढं धरायची. बाकीच्या बाया हसायच्या. तीबी हसायची, पण धरायची.

आन् एक आमच्या रानाचं सांगायचं राह्यलं. बांध. तो माझ्या बापानं घातला. दोन उन्हाळे दगड वाहिले त्यानं. कशाला, तर पडलेलं पाणी आपल्याच रानात जिरावं म्हणून. ज्वारी, तूर, मूग असायचे तवा. बांधाला पाणी तटलं की बाप खूश. शेजारच्याच्या रानात थेंब गेला तर त्याच्या जिवाला लागायचं. मंग ऐंशीनंतर हायब्रीड कपाशी आली. तिला काळ्या रानात पाणी तटलेलं चालत न्हाई. दोन दिवस मुळ्या पाण्यात राह्यल्या की पानं पिवळी पडतात आन् झाड उभ्या उभ्या मान टाकतं. उबळणं म्हणतात त्याला. मंग आमी काय केलं, बापानं घातलेला बांध फोडला. खालच्या कोपऱ्यात हात-दीड हात खांड पाडली, की पाणी सरळ वढ्याला. काम झालं की परत मातीनं बुजवायची. सगळेच करत होते. सगळेच करत होते, हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललो आहे.

त्या साली बोंडअळी अशी आली की बोंड फोडलं तर आत अळीच असायची. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून औषध आणायचं. एकानं एक आणलं की दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा कडक आणायचं. डब्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायला कोणाला येतंय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीबी नावाला. पंपाला दोन टोपण टाका म्हणून दुकानदार सांगायचा, आमी तीन टाकायचो. अळी मरत न्हाई म्हणल्यावर चार. काडीनं हलवायचं, पाठीवर घ्यायचं आन् चालायचं. अंगावर यायचं, डोळे चुरचुरायचे. काम झालं की पंप वढ्यात धुवायचा. दुसरीकडं कुठं धुणार. पाणी पांढरं व्हायचं, दुधासारखं, आन् वाहून जायचं. वाहून गेलं म्हणजे गेलं, असं वाटायचं. रिकामा डबा झुडपात फेकायचा. पुढच्या पुरात तो डबाबी वढ्याला.

दसऱ्याच्या चार-सहा दिवस आधीची गोष्ट. सकाळी मी सगळी कपाशी फवारली. दुपारून पाऊस आला, तो असा की समोरचा बैल दिसेना. दिवस मावळायच्या आधी उघडला. रानात गेलो तर कपाशी गुडघाभर पाण्यात. पाण्यावर तेलासारखा तवंग. मला तो दिसला. आंधळा नव्हतो. मी कुदळ घेतली आन् खांड पाडली. पाणी असं सुटलं की पायाखालची माती ओढून राह्यलं. उभा राहून बघत होतो आन् मनातून खूश होतो, की कपाशी वाचली.

सकाळी कौतिका वढ्यावर गेली. पूर मोठा नव्हता, ओसरला होता. मी वैरण कापायला काठावर गेल्तो, म्हणून सगळं डोळ्यानं पाह्यलं. तिनं झिरा उकरला, पाणी उपसलं, वाटी भरून शेळीपुढं धरली. शेळीनं नाक लावलं आन् मागं सरली. परत धरली. शेळीनं मान फिरवली आन् शिंकली. कौतिकानं वाटी ओतून टाकली.

"आज हे पाणी न्यायचं न्हाई," ती बायांना म्हणली.

ज्ञानबा बैल धुवायला आल्ता. माझ्या जोडीचा माणूस, थट्टेखोर. तो म्हणला, "वैनी, शेळीला च्या पाहिजे असंल. साखर टाकून बघा."

बाया हसल्या. कौतिका हसली न्हाई. ती उभी राह्यली आन् वर रानांकडं बघितलं.

"वरून पाणी कोणी सोडलंय का?"

मी विळा हातात घेऊन उभा. ज्ञानबा बैलाची पाठ घासायला लागला. ती परत म्हणली, "अवो, तुमाला इचारते. फवारलेल्या रानातलं पाणी सोडलंय का कोणी?"

आता हे कसं सांगू. पाणी वाईट असलं तर ते माझं होतं. म्हणून ते चांगलंच असायला पाहिजे होतं. मी खाली उतरलो आन् म्हणलो, "आता शेळीला इचारून पाणी प्यायचं का आपण? मेंढरामागं फिरायचे दिवस गेले तुझे." आन् सगळ्यांच्या देखत झिऱ्यातून ओंजळ भरली आन् प्यालो. एक न्हाई, दोन ओंजळी.

"बघ," म्हणलं. "काय झालं मला?"

काही झालं न्हाई. तोंडाला जरा कडवट लागलं, दुपारी पोटात मळमळलं, ते मी बोललो न्हाई. ज्ञानबा म्हणला, "वैनी, आमचा गडी जिंकला बघा, शेळी हरली." सगळे परत हसले. मंग सगळ्या बायांनी घागरी भरल्या. कौतिकानं शेवटी भरली. नवऱ्यानं चार माणसांत पिऊन दाखवल्यावर ती काय करणार. घागर डोक्यावर घेऊन ती माझ्याकडं न बघता गेली. त्या घागरीतलं पाणी आमी सगळे प्यालो, पण घरात जास्त पाणी तिला लागायचं. दिवस गेल्यापासून तिला तहान फार.

दुपारपर्यंत डोहात मासे उलटे झाले. पांढरी पोटं वर. खेकडे बिळं सोडून उन्हात काठावर चालत होते, दारू प्यालेल्या माणसावानी. अर्धं गाव टोपल्या घेऊन आलं. फुकटचं कालवण म्हणून हसत होते. गावात त्या दिवशी घरोघरी मासे शिजले. आमच्याकडं शिजले न्हाईत, कौतिकानं टोपलं बाहेरच ठेवलं. दोन घरांत उलट्या झाल्या. तिखट जास्त पडलं म्हणून झालं, असं ठरलं. त्या दिवशी मी मुद्दाम काठाकाठानं फिरून आलो. दोन्ही अंगाच्या रानांना खांडी पडलेल्या होत्या. ज्ञानबाच्याबी. सात-आठ तरी. पाण्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. त्यामुळं कोणा एकाचं नाव घेता आलं न्हाई, आन् म्हणून कोणाचंच घेतलं न्हाई. पण मी खांडी बघत फिरलो ते कशासाठी, हे मला माहीत आहे. माझी एकटीच नसावी म्हणून.

आठ-दहा दिवसांनी कौतिकाच्या पोटात दुखायला लागलं. जीप करून पिंपळगावला नेलं. डाक्टरनं तपासलं आन् बाहेर येऊन म्हणला, राह्यलं न्हाई. चौथा महिना होता.

"काही जड उचललं होतं का?" त्यानं इचारलं.

मी म्हणलं, "घागर उचलते रोज."

"मंग तेच," डाक्टर म्हणला.

दोष घागरीवर गेला. घागरीत काय होतं हे त्यानं इचारलं न्हाई, आन् मी सांगितलं न्हाई. येताना जीपमध्ये कौतिका खिडकीकडं तोंड करून बसली होती. बाहेर दोन्ही बाजूला कपाशी फुटली होती, पांढरीशुभ्र. गाव यायच्या आधी ती एवढंच म्हणली, "घागर तर मी लहानपणापासून उचलते." त्यानंतर ह्या विषयावर ती कधी बोलली न्हाई. आमाला पुढं लेकरू झालं न्हाई.

त्या पाण्यानंच झालं असं मी म्हणत न्हाई. दुसऱ्या घरांत तेच पाणी गेलं आन् तिथं काही झालं न्हाई. शिकलेला माणूस कदाचित सांगेल की असं होतं, किंवा होत न्हाई. मी कोणाला इचारलं न्हाई. उत्तराचं भेव होतं.

सांगायचं म्हणलं असतं तर तीस वर्षं मिळाली. कापूस येचताना आमी शेजारशेजारच्या तासाला, म्हणजे ओळीला, असायचो. दिवसभर बोलायला मोकळं. एकदा तीळ झोडताना मनाशी ठरवलं. काठी खाली ठेवली आन् म्हणलं, "कौतिका, ऐक." तिनं डोक्यावरचा पदर सारून बघितलं. "काय म्हणता?" मी म्हणलं, "पाणी दे." तिनं दिलं. मी प्यालो. तीळ झोडत राह्यलो.

वढ्यावर जाणं तिनं त्या सालीच सोडलं. हातपंप होईपर्यंत ती आडाचं गढूळ पाणी तुरटी फिरवून भरायची. शेळ्या विकून टाकल्या. मी इचारलं, का विकल्या. म्हणली, चाऱ्याची कटकट. ती नसताना वढ्यावरचं हसणं वेगळं वाटायचं, शेवटी खोकणारं कोणी नव्हतं. मंग एकेक करून बाकीच्याबी यायच्या बंद झाल्या.

वढा एका दिवसात मेला न्हाई. माणूस जसा हळूहळू जेवण सोडतो तसा गेला. पहिल्यांदा बेडकं कमी झाली. पावसाळ्यात पहिले इतकी ओरडायची की घरात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मंग युरियाची पोती वाढली आन् डोहावर हिरवी साय धरायला लागली. बगळे यायचे बंद झाले, किंवा यायचे, उभे राह्यचे आन् तसेच जायचे. मंग ट्रॅक्टर आले आन् वाळू भरून नेली. झिरा उकरायचा तर वाळू पाहिजे. आता तिथं चिखल आहे, काळा, त्यात प्लास्टिकच्या पन्न्या आन् औषधाच्या बाटल्या. आता डबे येत न्हाईत, बाटल्या येतात. बियाणंबी बदललं. ह्याला अळी लागत न्हाई, फवारा लागणार न्हाई, असं सांगून दिलं. आता माव्यासाठी फवारतात, तुडतुड्यासाठी फवारतात. वास तोच.

कौतिकाला शेवटी जालन्याला दवाखान्यात ठेवलं होतं. तिचं दुखणं वेगळं होतं, ते ह्याच्यात ओढत न्हाई. एका दुपारी तिथं पाऊस आला. मी च्याच्या टपरीवर थांबलो होतो. रस्त्यावरचं तेल, राख, घाण सगळं घेऊन काळं पाणी नाल्याला चाललं होतं. टपरीवाला म्हणला, "काका, शहरात लई घाण. तुमच्या खेड्याकडं पाणी तरी चांगलं असंल." मी म्हणलं, "हो." च्या पिऊन वर गेलो. कौतिका जागी होती. तवाबी बोलता आलं असतं. खाटेपाशी दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्या पायावरची चादर नीट केली.

आज सकाळी रानात गेलो. भगवान खालच्या कोपऱ्यात उभा, हातात फावडं. कपाशी पाण्यात.

"आजचा दिवस राहू दे," म्हणलं. "कालच फवारलंय."

"बाबा, पानं पिवळी पडून राह्यलीत. उद्यापर्यंत उबळून जाईल सगळी."

"औषध जातंय वढ्याला."

"जाऊ द्या की. वढ्याचं कोण पेतंय आता? आपलं बोरचं हाय."

"तुझ्या मायनं पेलं होतं."

तो थांबला. मंग मी त्याला सांगितलं. बांधावर उभा राहून, जेवढं इथं लिहिलं तेवढंच. खांड, शेळी, दोन ओंजळी, घागर. त्यानं फावड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकून घेतलं. त्याला एक भाऊ न्हाईतर बहीण झाली असती हेच त्याला आज कळलं.

"मायला सांगितलं होतं का हे?"

"न्हाई."

"मंग आता मला सांगून काय करायचं?"

रागानं न्हाई बोलला तो. खरंच इचारत होता.  त्यानं बांधात फावडं घातलं. त्याचंबी बरोबर आहे. त्याला कपाशी वाचवायची होती. मलाबी कपाशीच वाचवायची होती.

पाणी सुटलं. मी काठी टेकत त्याच्यासंगं खाली गेलो. का गेलो ते सांगता येत न्हाई. वढ्याच्या पलीकडच्या पडीक रानात मेंढरं बसली होती. फिरस्ते लोक, कुठून आले होते कोण जाणे. एक बाई, चाळिशीची असेल, डोक्यावर गाठोडं, कमरेला प्लास्टिकची कळशी, धारेच्या कडेला वाकून पाणी भरत होती. आमच्या खांडीपासून पन्नास पावलावर.

"भरू नको बाई," मी म्हणलं. "त्यात औषध हाय."

तिनं वर बघितलं. "कशाचं?"

"कपाशीवरचं. वरून सोडलंय."

"कोणी सोडलं?"

मी म्हणलं, "आमी."

 मंग तिनं कळशी काठावर, गवतात उपडी केली. धारेत ओतली न्हाई. पदराला हात पुसले.

"तुमी काय पेता मंग?"

"आमच्याकडं बोर हाय."

 कळशी कमरेला लावली, चार पावलं गेली, आन् परत वळली.

"मागून आमचे आणखी दोन वाडे येऊन राह्यलेत. मी मेंढरं वर घेते. तुमी हितंच थांबा, त्यांनाबी सांगा."

थांबलो. ऊन चढलं तवा पहिला वाडा आला, पुढं एक म्हातारा. त्याला सांगितलं. त्यानंबी इचारलं, कोणी सोडलं. सांगितलं, आमी. दुसऱ्या वाड्याला यायला दुपार झाली. तोवर मी तिथंच दगडावर बसून होतो, आन् पाणी जाऊन राह्यलं होतं.